दगडापेक्षा वीट बोलकी



महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध वीट कोणती, सांगा पाहू! अगदी बरोबर. पंढरपूरची! पुंडलिक आई-वडिलांची सेवा करण्यात गुंग होता, तेवढ्यात देव दारात आला. पुंडलिकाने हाताशी होती ती वीट सरकवली आणि म्हणाला, ''थांब जरा हिच्यावर.'' देव बिचारा अजून थांबलेलाच आहे! ही कथा चंद्रभागेच्या काठची. नदीकाठच्या घरात एखादी वीट सहज हाताशी असणार, याचं ती ऐकताना आपल्याला मुळीच नवल वाटत नाही. नदी आणि वीट ही जोडीच तशी जुनी आहे.

किती जुनी? शंभर वर्षं? हजार वर्षं? आज आपण तेच शोधायला निघू या. तुमच्यापैकी काही जणांना इतिहासाचा वीट येतो, हे मला ठाऊक आहे. नुसत्या सनावळ्या घोकल्या तर कोणालाही येईल! पण आज तसा वीट येणार नाही. आज वीटच येणार आहे, आणि तीही बोलणारी.

नदी आणते, माणूस थापतो

वीट करायला काय काय लागतं? माती, पाणी, ऊन आणि शेवटी विस्तव. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नदी आपल्याला फुकट देते.

पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. डोंगर-उतारावरून झिजून आलेली बारीक माती त्यात मिसळलेली असते. पूर ओसरला की ती माती काठावर बसते. तिला आपण गाळ म्हणतो. या गाळात चिकणमाती असते आणि बारीक रेतीही असते. नुसत्या चिकणमातीची वीट केली तर ती वाळताना तडकते. नुसत्या रेतीची केली तर साचा उचलताच ढासळते. दोन्हींचं बेताचं मिश्रण लागतं. नदीचा गाळ म्हणजे निसर्गाने आधीच मिसळून ठेवलेलं पीठच म्हणा ना! म्हणूनच आजही वीटभट्ट्या बहुधा नदीच्या नाहीतर ओढ्याच्या आसपास दिसतात.

आता जरा नकाशा उघडा आणि सिंधू नदी शोधा. आपल्या देशाच्या वायव्येला, आजच्या पाकिस्तानातून ती वाहते. झेलम, चिनाब, रावी, बियास, सतलज या नद्यांचं पाणी शेवटी तिलाच मिळतं. या सगळ्यांनी मिळून हजारो वर्षं गाळ आणून ओतला आणि एक प्रचंड सपाट मैदान तयार केलं. आपल्याकडे सह्याद्रीत कुठेही कुदळ मारा, काळा दगड 'खण्ण' करून उत्तर देतो. त्या मैदानात मात्र दगड मिळणं मुश्कील. 'दगडापेक्षा वीट मऊ' अशी आपली म्हण आहे. पण तिथल्या लोकांना दगड की वीट अशी निवड करायलाही दगड नव्हता. होती ती माती. मग त्यांनी त्या मातीचंच सोनं केलं.

नऊ हजार वर्षांपूर्वीची बोटं

या मैदानाच्या पश्चिम कडेला, बलुचिस्तानात, बोलन नावाची नदी डोंगरातून बाहेर पडते. तिच्याजवळ मेहरगढ नावाचं ठिकाण आहे. १९७४पासून ज्याँ-फ्राँस्वा जारीज या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या तुकडीने तिथे उत्खनन केलं. मातीचे थर एकामागून एक उलगडत ते खाली गेले, तेव्हा सुमारे ९००० वर्षांपूर्वीची घरं सापडली. चौकोनी घरं, आत छोट्या छोट्या खोल्या, आणि भिंती कच्च्या विटांच्या. म्हणजे उन्हात वाळवलेल्या, न भाजलेल्या विटांच्या.

गंमत पुढेच आहे. या लांबट विटांवर माणसांच्या बोटांचे ठसे आहेत! वीट ओली असताना कोणीतरी तिच्यावर बोटं दाबली आहेत. खेळ म्हणून नव्हे बरं का. वीट अगदी गुळगुळीत असेल तर तिच्यावर लावलेला चिखल नीट धरत नाही. खड्डे असले की चिखल त्यात जाऊन बसतो आणि वरची वीट खालच्या विटेला घट्ट धरून ठेवते. आजच्या विटेवर मधोमध एक खोलगट भाग असतो, त्यात भट्टीवाल्याच्या नावाची अक्षरंही असतात. तो खोलगट भाग तेच काम करतो. सिमेंटची पकड चांगली बसावी म्हणून तो ठेवलेला असतो. म्हणजे ज्याने ती बोटं दाबली, त्याची युक्ती ९००० वर्षं टिकली. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण बोटं मात्र माहीत आहेत!

ऊन पुरत नाही तेव्हा

कच्च्या विटेचा एक मोठा शत्रू असतो. कोणता? पाणी! उन्हाने विटेतलं मोकळं पाणी तेवढं उडून जातं. तिच्यावर पुन्हा पाणी पडलं की माती फुगते, सुटते आणि विटेचा परत चिखल होतो. मातीच्या कणांच्या आत मात्र आणखी थोडं पाणी पक्कं बांधलेलं असतं. ते उन्हाला दाद देत नाही. त्याला बाहेर काढायला पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसची धग लागते. धग आणखी वाढून आठशे-नऊशे अंशांच्या आसपास गेली, की कण एकमेकांना चिकटू लागतात आणि मातीतल्या लोखंडाच्या अंशामुळे वीट लालबुंद होते. आता तिच्यावर कितीही पाणी ओता. ती भिजेल, पण विरघळणार नाही. माती पुन्हा कधी माती होत नाही!

पण भट्टीला जळण लागतं आणि जळण काही आकाशातून पडत नाही. मग सिंधूकाठच्या हुशार लोकांनी काय केलं? जिथे पाण्याशी गाठ आहे तिथे पक्की वीट, बाकी ठिकाणी कच्ची. राजस्थानात घग्गर नदीच्या काठी कालीबंगा नावाचं त्या काळचं नगर सापडलं आहे. तिथली घरं मुख्यतः कच्च्या विटांची आहेत. विहिरी, गटारं, न्हाणीघराची जमीन अशा ठिकाणी मात्र भाजलेली वीट. याला म्हणतात काटकसर! सिंधूच्या काठच्या मोहेंजोदडोत मात्र त्यांनी हात सैल सोडला होता. तिथे घरंच्या घरं पक्क्या विटांची आहेत.

विटेची साक्ष

आता तुम्ही विचाराल, या विटा कशा केल्या हे आपल्याला कोणी सांगितलं? त्या लोकांची लिपी तर अजून कोणालाच वाचता आलेली नाही.

सांगितलं विटेनेच! मोहेंजोदडोला उत्खनन करताना तज्ज्ञांनी विटा उलटसुलट करून नीट पाहिल्या. विटेच्या वरच्या बाजूवर लाकडी पट्टी ओढल्याच्या खुणा होत्या. याचा अर्थ साचा वरून उघडा होता. त्यात चिखल भरायचा आणि वर आलेला जास्तीचा चिखल पट्टीने निपटून काढायचा. मापाने ज्वारी घेताना दुकानदार वरून हात फिरवतो, तसंच. विटेची खालची बाजू मात्र खरखरीत होती. म्हणजे ओली वीट धुळीच्या जमिनीवर काढून ठेवून वाळवली होती. पाहा, दोनच बाजू पाहिल्या आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीचा अख्खा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहिला!

आणखी एका विटेची हकिकत तर फारच मजेची आहे. सिंधमध्ये चन्हुदडो नावाचं त्याच काळातलं गाव आहे. १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी तिथे उत्खनन केलं. एका विटेवर त्यांना मांजराच्या पंजांचे ठसे दिसले आणि त्यांच्यावर थोडेसे चढलेले कुत्र्याचे ठसे! पंजे खोल रुतले होते आणि फाकले होते. त्यावरून मॅके यांनी ओळखलं, की दोघंही जोरात पळत होते. विटा ओळीने वाळत घातलेल्या आहेत, मांजर जिवाच्या आकांताने पळतंय, मागे कुत्रा... आणि वीट थापणारा कपाळाला हात लावून ओरडतोय! (हे ओरडणं माझं हं. ते काही विटेवर उमटलेलं नाही!) त्या पळापळीचा शेवट काय झाला, तेवढं मात्र वीट सांगत नाही.

एक, दोन, चार!

आता येऊ या सगळ्यांत महत्त्वाच्या साक्षीकडे. पट्टी आणि वही जवळ घ्या.

आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, साहिवाल जिल्ह्यात हडप्पा आहे. रावी नदी त्या काळी या नगराजवळून वाहत होती. आता तिने पात्र बदललं आहे आणि ती काही किलोमीटर दूर गेली आहे. हडप्पाचं वैभव साधारण इ.स.पूर्व २६०० ते इ.स.पूर्व १९०० या काळातलं. तिथल्या घरांच्या विटांचं नेहमीचं माप आहे ७ सें.मी. उंच, १४ सें.मी. रुंद आणि २८ सें.मी. लांब. गावाभोवतीच्या तटाच्या विटा मोठ्या, १० × २० × ४० सें.मी. वेगवेगळी मापं आहेत, नाही का? पण थांबा. ७ची दुप्पट १४, १४ची दुप्पट २८. आणि इकडे १०ची दुप्पट २०, २०ची दुप्पट ४०. सापडलं? दोन्हींचं प्रमाण एकच, १ : २ : ४!

हेच प्रमाण का बरं निवडलं असेल? एखाद्या गवंडीकाकांना विचारून पाहा. ते सांगतील, की भिंत रचताना सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. तसा आला तर भिंतीला वरपासून खालपर्यंत एकच चीर पडते. म्हणून एका थरात विटा लांबीने लावायच्या आणि पुढच्या थरात रुंदीने. आता लांबी जर रुंदीच्या बरोबर दुप्पट असेल, तर एका लांब विटेवर दोन आडव्या विटा चपखल बसतात. तोडफोड नको, तुकडे नकोत. आणि रुंदी उंचीच्या दुप्पट असेल, तर वीट कडेवर उभी केली तरी हिशेब जमतो. कडेवर उभ्या केलेल्या चार विटा म्हणजे ७ × ४ = २८, एका विटेची लांबी! कशीही फिरवा, बसतेच. आज आपण वापरतो त्या प्रमाणित विटेचं माप १९ × ९ × ९ सें.मी. आहे. सांध्यातला मसाला धरला की ती होते २० × १० × १० सें.मी. म्हणजे लांबी रुंदीच्या दुप्पट, हा नियम आजही तोच आहे.

ही युक्ती काही एका दिवसात सुचलेली नाही, आणि त्याचाही पुरावा आहे. कालीबंगाला खालच्या, म्हणजे आधीच्या थरातल्या विटा १० × २० × ३० सें.मी. आहेत. प्रमाण १ : २ : ३. दोन विटा रुंदीने शेजारी ठेवल्या तर होतात ४० सें.मी. आणि एका विटेची लांबी ३०. जमत नाही! वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात विटा आहेत ७.५ × १५ × ३० सें.मी. प्रमाण १ : २ : ४. जमलं! शिवाय नवी वीट हलकीही झाली. आधीच्या विटेचं घनफळ ६००० घन सें.मी. आणि नंतरच्या विटेचं ३३७५. हवं तर गुणाकार करून खात्री करून घ्या.

विहिरीसाठी तर त्यांनी वेगळीच वीट केली होती. गोल विहीर चौकोनी विटांनी बांधली तर मध्ये फटी राहतात. म्हणून मोसंबीच्या फोडीसारखी, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद अशी वीट. अशा विटा गोल लावल्या की त्या एकमेकींना दाबून धरतात आणि बाहेरच्या मातीचा रेटा आला तर आणखीच घट्ट होतात. मोहेंजोदडोत अशा सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आसपासची माती उकरल्यामुळे आज त्यांतल्या काही धुराड्यासारख्या उंच उभ्या दिसतात!

आता नकाशावर पुन्हा बोट ठेवा. हडप्पा रावीच्या काठी, मोहेंजोदडो सिंधूच्या काठी, कालीबंगा घग्गरच्या काठी. हडप्पापासून मोहेंजोदडो सुमारे सहाशे किलोमीटर. बैलगाडीने नाहीतर नावेने जायला किती दिवस लागत असतील! टेलिफोन नाही, टपाल नाही. तरीही विटेचं प्रमाण एकच. याचा अर्थ एकच होतो. या लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं होतं, ते एकमेकांपासून शिकत होते आणि 'आपण सगळ्यांनी असंच करायचं' हे त्यांना मान्य होतं. हे आपल्याला कोणत्याही राजाच्या शिलालेखाने सांगितलेलं नाही. ते सांगितलं मातीच्या विटेने.

रुळाखाली गेलेलं पुस्तक

आणि आता एक वाईट वाटायला लावणारी गोष्ट.

१८२६ साली चार्ल्स मॅसन नावाचा इंग्रज प्रवासी हडप्पाला आला. त्याला तिथे विटांच्या मोठ्या किल्ल्याचे अवशेष दिसले. ते किती जुने असतील याची त्याला कल्पना आली नाही, पण जे पाहिलं ते त्याने लिहून ठेवलं. पुढे काही वर्षांनी इंग्रजांनी लाहोर ते मुलतान असा लोहमार्ग बांधायला घेतला. रुळांखाली खडी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या मैदानात दगड कुठला? मग ठेकेदारांची नजर गेली हडप्पाच्या टेकाडांकडे. इतक्या पक्क्या, भाजलेल्या, तयार विटा! खणा, फोडा आणि टाका रुळांखाली!

भारताच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवून ठेवलं आहे, की सुमारे १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला पुरतील इतक्या विटा इथून गेल्या. आसपासच्या गावकऱ्यांनीही आपली घरं बांधायला विटा नेल्याच होत्या. मॅसनने पाहिलेल्या भिंती कनिंगहॅमच्या वेळेपर्यंत उरल्या नव्हत्या. त्यांच्या हाती बैलाचं चित्र आणि अनोळखी अक्षरं कोरलेली एक मुद्रा आली. १८७५ साली त्यांनी ती प्रसिद्धही केली, पण त्यांना वाटलं ती परदेशातून आलेली असावी.

खरी ओळख पटायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं जावी लागली. १९२१ साली दयाराम सहानी यांनी हडप्पाला उत्खनन सुरू केलं आणि १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोला. दोन्हीकडच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या आणि सप्टेंबर १९२४मध्ये जॉन मार्शल यांनी जगाला सांगितलं, की भारतात एक अतिप्राचीन, आजवर विसरली गेलेली संस्कृती होऊन गेली. मोहेंजोदडोच्या भिंती त्यामानाने शाबूत राहिल्या. हडप्पाच्या वरच्या थरांची मात्र चाळण झाली होती.

तुम्ही म्हणाल, विटाच तर गेल्या! तशा विटा तर कितीतरी आहेत. पण जरा विचार करा. तुमच्या घरी वर्तमानपत्रांची रद्दी रचलेली असते. सगळ्यांत खाली जुना अंक, सगळ्यांत वर कालचा. कोणी ती रद्दी उपसून विस्कटली आणि तारखा फाडून टाकल्या, तर कुठला अंक आधीचा आणि कुठला नंतरचा हे सांगता येईल का? जमिनीतले थर तसेच असतात. वीट भिंतीत असली की ती साक्षीदार. ती कोणत्या घराची, कोणत्या थरातली, तिच्या शेजारी कोणतं मडकं होतं, हे सगळं ती सांगते. तिथून उचलली की ती फक्त वीट. बोलता बोलता तिची वाचाच जाते.

ते ठेकेदार काही दुष्ट नव्हते, बरं का. त्यांना खडी हवी होती आणि समोर खडी दिसली. समोर पुस्तक आहे, हे ओळखायला शिकवणारं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. तुम्हाला मात्र आज कळलं आहे!

आपल्या गावची पांढरी

आता सिंधूकाठावरून आपल्या महाराष्ट्रात येऊ. कारण हे सगळं दूरच्या देशातलं आहे, असं समजू नका.

आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' म्हणतात आणि गाव जिथे वसतं त्या जागेला 'पांढरी'. जुन्या वस्तीत शेकडो वर्षं चुली पेटतात, राख पडते, घरं पडतात, पुन्हा बांधली जातात. त्यामुळे तिथली माती पांढुरकी होते आणि हळूहळू टेकाड तयार होतं. अशी पांढरीची टेकाडं आपल्या नद्यांच्या काठी कितीतरी आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९६८पासून अनेक वर्षं तिथे उत्खनन करून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं.

आणि प्रवरा नदीच्या काठी, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दायमाबाद आहे. तिथे एका थरात उत्तर हडप्पा काळातली वस्ती मिळाली. त्या थरात एका माणसाचं दफन सापडलं, आणि त्या खड्ड्याला कच्च्या विटांचं अस्तर होतं. पाहिलंत? रावीकाठच्या लोकांशी नातं सांगणारी माणसं आपल्या प्रवरेच्या काठीही राहत होती, आणि आपल्या माणसाला निरोप देतानासुद्धा त्यांनी हातांनी विटा थापल्या होत्या.

पांढरीची माती शेतात चांगली म्हणून लोक गाड्या भरभरून नेतात. रस्त्याला भर घालायलाही नेतात. त्यात खापरं, मणी, जुन्या मोठ्या विटा निघतात आणि चाकाखाली जातात. हडप्पाला झालं ते हेच ना? म्हणून आजपासून आपण एवढं ठरवू या. असं काही दिसलं तर ते खणून काढायचं नाही, घरी आणून कपाटात ठेवायचं नाही. कुठे दिसलं ते वहीत लिहायचं, जागेचा कच्चा नकाशा काढायचा, आणि गुरुजींना, बाईंना, सरपंचांना सांगायचं. तेही राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवू शकतात. एका नोंदीने एखादं टेकाड वाचू शकतं.

करून पाहा

१. जाड पुठ्ठ्याचा २ सें.मी. उंच, ४ सें.मी. रुंद आणि ८ सें.मी. लांब असा, वर-खाली उघडा साचा करा. ओढ्याकाठची नाहीतर कुंडीतली माती मळून, भरून, पट्टीने निपटून पाच-सहा विटा करा. उन्हात चांगल्या वाळू द्या. वरची बाजू आणि खालची बाजू भिंगातून पाहा. मोहेंजोदडोच्या खुणा तुमच्याही विटांवर दिसतात का?

२. दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत तुमची वाळलेली वीट ठेवा, दुसरीत फुटक्या पणतीचा तुकडा. तासाभराने पाहा आणि का ते आईला समजावून सांगा.

३. गणित घालतो! २८० सें.मी. लांब, २८ सें.मी. जाड आणि ७० सें.मी. उंच अशी भिंत हडप्पाच्या ७ × १४ × २८ सें.मी.च्या विटांनी बांधायची आहे. सांध्यातला चिखल सोडून द्या. विटा किती लागतील? आणि एका थरात विटा लांबीने लावल्या किंवा रुंदीने लावल्या, तर त्या थराच्या विटांची संख्या बदलते का? उत्तर पुढच्या अंकात. पण आधी स्वतः सोडवा हं!

पालकांसाठी दोन शब्द

दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा. चिखल कसा तुडवतात, साचा कसा मारतात, ओल्या विटा कशा वाळवतात आणि भट्टी कशी रचतात, हे त्यांना पाहू द्या. तिथे काम करणाऱ्या काका-मावशींना मुलांनी आदराने प्रश्न विचारावेत. एका दिवसात किती विटा थापता, पाऊस आला तर काय करता, हात दुखत नाहीत का? ही कुटुंबं घरदार सोडून दूरवरून येतात. त्यांची मुलं त्या चार-सहा महिन्यांत कदाचित तुमच्या मुलाच्याच वर्गात येऊन बसतील, किंवा शाळेबाहेरच राहतील. तेव्हा त्यांना बाकावर जागा करून द्यायला मुलांना सांगा. हडप्पाच्या वीट थापणाऱ्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या घराच्या भिंतीतली वीट ज्याने थापली, त्याचं नाव मात्र विचारता येतं.

तर मित्रांनो, आता घरी, शाळेत, देवळात, कुठेही वीट दिसली की पट्टी काढा आणि मोजा. मापं आणि जागा वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या गावच्या पांढरीत कोणी फावडं घालताना दिसलं, तर धावत जाऊन म्हणा, ''काका, जरा थांबा. इथे कोणीतरी बोलतंय!''